पडदा, अंधार आणि रंग : घरच्या चित्रपटगृहात चित्र कसे घडते

घरच्या चित्रपटगृहात प्रोजेक्टरमधून निघालेला प्रकाश प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत वळसा घेऊन पोहोचतो. तो आधी पडद्यावर पडतो, पडदा त्याला सगळीकडे विखुरतो, त्यातला काही भाग छत आणि भिंतींवर आदळून पुन्हा पडद्यावर येतो, आणि हे सगळे मिसळून जे उरते ते चित्र म्हणून दिसते. त्यामुळे एकाच बनावटीचा प्रोजेक्टर एका घरात खोल, जिवंत चित्र दाखवतो आणि दुसऱ्या घरात तोच फिका व धुरकट वाटतो. हा फरक प्रामुख्याने तीन गोष्टींनी पडतो : पडद्याची निवड, खोलीतला अंधार आणि यंत्राची अचूक जुळवणी, म्हणजेच कॅलिब्रेशन.

कोल्हापूरसारख्या गावात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) येथेच चित्रपटाकडे वळले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला आणि ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनीची स्थापना कोल्हापुरात झाली आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट तिने येथेच तयार केला. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओतून अनेक चित्रपट दिले. हा सारा वारसा मुख्यतः कृष्णधवल आहे, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा बिनचूक दाखवणे ही कोणत्याही प्रोजेक्टरची आणि पडद्याची सर्वांत कठीण परीक्षा असते. रंगीत चित्रात लपून जाणारा दोष कृष्णधवल चित्रात लगेच उघडा पडतो.

प्रकाशाचा हिशेब

प्रोजेक्टरचा एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा यंत्राच्या सर्वांत भडक मोडमधला असतो. रंग बिनचूक दाखवणाऱ्या सिनेमा मोडमध्ये तो बराच खाली येतो. म्हणून हिशेब करताना छापील आकड्यावर विसंबू नये. सिनेमा मोडमध्ये प्रत्यक्ष किती लुमेन मिळतात ते पाहावे.

हा प्रकाश जितक्या मोठ्या पडद्यावर पसरेल तितका तो विरळ होतो. पडद्याची उजळता ‘निट’ या एककात मोजतात. ती काढण्याची रीत सोपी आहे : लुमेनला पडद्याच्या चौरस मीटरमधील क्षेत्रफळाने आणि ३.१४ ने भागावे, मग पडद्याच्या गेनने (हे प्रमाण पुढे समजावले आहे) गुणावे. १६:९ प्रमाणाच्या, १०० इंच कर्णाच्या पडद्याची रुंदी सुमारे २.२१ मीटर (सव्वासात फूट), उंची १.२५ मीटर आणि क्षेत्रफळ २.७६ चौरस मीटर असते. गेन १ धरून त्यावर १,००० लुमेन टाकले तर पांढऱ्या भागाची उजळता सुमारे ११५ निट येते. तेच लुमेन १२० इंची पडद्यावर ८० निट देतात आणि १५० इंची पडद्यावर जेमतेम ५१. कर्ण दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होते, हे पडदा निवडताना अनेकदा विसरले जाते.

व्यावसायिक डिजिटल चित्रपटगृहांसाठी ठरलेली उजळता ४८ निट आहे. त्या मानाने १५० इंचांवरचे ५१ निट पुरेसे वाटतात. मात्र दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याचे जे आयुष्य सांगितले जाते, ते बहुतेक वेळा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे असते. नवा असताना ५१ निट देणारा संच कालांतराने २५ वर येईल. १२० इंची पडद्यावर तोच संच ८० वरून ४० वर उतरेल आणि तरीही पाहण्याजोगा राहील. म्हणून पडद्याचा आकार ठरवताना आजच्या प्रकाशाबरोबर पुढच्या काही वर्षांचाही विचार करावा लागतो.

आकाराची दुसरी मर्यादा बसण्याच्या अंतराने ठरते. पडद्याने दृष्टीसमोर साधारण ३० ते ३६ अंशांचा कोन व्यापावा, असा प्रघात आहे. १०० इंची पडद्यासाठी हे अंतर सुमारे ४.१ ते ३.४ मीटर, म्हणजे साडेतेरा ते अकरा फूट भरते. बारा बाय अठरा फुटांच्या नेहमीच्या हॉलमध्ये १०० ते १२० इंची पडदा छान बसतो.

अंधार हा चित्राचा निम्मा भाग

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्याचा प्रकाश न पडलेला भाग. खोलीत दुसरीकडून प्रकाश येत असेल तर तो याच भागावर पडतो आणि काळ्याचा करडा होतो.

याचाही हिशेब करता येतो. १०० इंची पांढऱ्या पडद्यावर बाहेरून केवळ १० लक्स प्रकाश पडला, म्हणजे मंद दिव्याइतकाच, तरी पडद्याचा काळा भाग सुमारे ३.२ निट उजळतो. पांढरा ११५ निट असेल तर काळ्या-पांढऱ्यातला फरक जेमतेम ३७ पटींचा उरतो, मग प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात लाखाचे कॉन्ट्रास्ट छापलेले असले तरी. बाहेरचा प्रकाश १ लक्सवर आणला की हेच प्रमाण साडेतीनशे पटींच्या पुढे जाते. महागड्या प्रोजेक्टरपेक्षा खिडकीवरचा जाड पडदा चित्रात अधिक सुधारणा करतो, त्यामागे हे गणित आहे.

खिडक्या बंद केल्या तरी एक स्रोत राहतो : खुद्द पडदा. उजळ दृश्यात पडद्यावरून परतलेला प्रकाश पांढऱ्या छतावर आणि भिंतींवर आदळतो व पुन्हा पडद्यावर येतो. आपल्याकडे हॉलचे छत आणि भिंती बहुधा पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या असतात, आणि त्यामुळे एकाच दृश्यातला काळा व पांढरा यांचा फरक कमी होतो. सगळी खोली काळी करण्याची गरज नसते. पडद्याला लागून असलेले छत आणि बाजूच्या भिंती चार-पाच फुटांपर्यंत गडद, चकाकी नसलेल्या रंगाने रंगवल्या किंवा तेथे गडद मखमली पडदे लावले, तरी बराचसा प्रकाश तेथेच मुरतो. पडद्यासमोरच्या चकचकीत फरशीवर गडद सतरंजी अंथरण्यानेही फरक पडतो.

पडद्याचा पृष्ठभाग

सर्वांत साधा पडदा म्हणजे रंगवलेली भिंत. पुट्टी करून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर चकाकी नसलेला पांढरा रंग दिला, तर गेन १ च्या आसपास येतो आणि सुरुवातीला तो पुरतो. गिलाव्याचे खडबडीत कण आणि रंगाच्या पट्ट्यांचे जोड मात्र उजळ दृश्यात दिसू लागतात. जत्रेतल्या तंबू सिनेमात वापरले जाणारे साधे पांढरे कापड त्याहून कमी प्रतीचे ठरते, कारण त्याच्यातून बराच प्रकाश आरपार जातो आणि पडद्याच्या मागच्या बाजूनेही चित्र दिसते. तो प्रकाश समोरच्या प्रेक्षकाच्या वाट्याला येत नाही. म्हणून चांगल्या पडद्याच्या पाठीला काळा, प्रकाश अडवणारा थर दिलेला असतो.

पडद्याचा गेन म्हणजे सगळ्या दिशांना सारखा प्रकाश विखुरणाऱ्या प्रमाण पांढऱ्या पृष्ठभागाच्या तुलनेत हा पडदा समोरून किती उजळ दिसतो, ते प्रमाण. गेन १.३ असलेला पडदा प्रकाश निर्माण करत नाही. बाजूंना जाणारा प्रकाश तो समोर वळवतो. त्यामुळे मध्यभागी बसलेल्याला चित्र उजळ दिसते आणि कडेच्या खुर्चीवरच्याला तुलनेने मंद. गेन आणखी वाढला तर पडद्याच्या मध्यात एक झगमगता ठिपका जाणवू लागतो. पूर्वीच्या काळी चित्रपटगृहांत वापरलेले अ‍ॅल्युमिनियमच्या मुलाम्याचे पडदे याच जातीचे होते. त्या काळातल्या दिव्यांचा प्रकाश कमी असल्याने समोरची उजळता वाढवणे आवश्यक होते. आज ध्रुवित प्रकाशावर चालणाऱ्या त्रिमिती चित्रपटांसाठी असे धातूचे पडदे वापरतात, कारण ते प्रकाशाचे ध्रुवण टिकवून ठेवतात.

घरात माणसे हॉलभर पसरून बसत असतील, तर गेन १ चा मॅट पांढरा पडदा सर्वांत विश्वासाचा. सगळ्या कोनांतून त्याचा रंग आणि उजळता सारखी राहते.

करडा पडदा काळा अधिक गडद दाखवतो, पण पांढराही त्याच प्रमाणात खाली उतरवतो. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशाविरुद्ध त्याचा उपयोग होत नाही, कारण तो प्रोजेक्टरचा आणि बाहेरचा प्रकाश सारखाच शोषतो. त्याचा खरा फायदा फिकट भिंतींच्या खोलीत होतो. पडद्यावरून कमी प्रकाश परतला की भिंतीवरून परत येणाराही कमी होतो आणि दृश्यातला कॉन्ट्रास्ट वाढतो. त्यासाठी प्रोजेक्टरकडे पुरेसे लुमेन असावे लागतात.

बाहेरचा प्रकाश नाकारणारा, एएलआर म्हणून ओळखला जाणारा पडदा प्रकाशाची दिशा ओळखतो. त्याच्या पृष्ठभागाची सूक्ष्म रचना अशी असते की प्रोजेक्टरच्या दिशेने आलेला प्रकाश प्रेक्षकाकडे जातो आणि वरून किंवा बाजूने आलेला दुसरीकडे वळतो अथवा शोषला जातो. भिंतीला टेकून ठेवल्या जाणाऱ्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी वेगळा पडदा लागतो. त्यावरच्या आडव्या बारीक खाचा खालून येणारा प्रकाश समोर वळवतात आणि छतावरच्या दिव्याचा प्रकाश अडवतात. असा पडदा छताला टांगलेल्या प्रोजेक्टरसाठी वापरला तर चित्रच मंदावते, म्हणून पडदा आणि प्रोजेक्टर नेहमी जोडीने निवडावेत. दिशा ओळखणाऱ्या पडद्यांची किंमत पाहण्याच्या कोनात आणि रंगांत मोजावी लागते : कडेने पाहताना चित्र झपाट्याने मंदावते, रंगाची झाक थोडी बदलते आणि लेझर प्रोजेक्टरवर बारीक चमकते कण दिसू शकतात. खोली पूर्ण अंधारी करता येत असेल, तर साधा पांढरा पडदाच उत्तम चित्र देतो.

स्पीकर पडद्यामागे बसवायचे असतील, तर विणलेला किंवा बारीक छिद्रांचा, आवाज आरपार जाऊ देणारा पडदा लागतो. त्यातून काही प्रकाशही मागे जातो. म्हणून त्याच्यामागची भिंत काळी असावी, नाहीतर मागून परतणारा प्रकाश चित्र धूसर करतो.

ताण, ओल आणि हवामान

पडद्याची सपाटी टिकवणे हाही गुणवत्तेचाच भाग आहे. गुंडाळून ठेवायचा साधा पडदा काही काळाने कडांना वळतो आणि त्यावर लाटा उमटतात. बाजूंना दोऱ्यांचा ताण दिलेला मोटरचा पडदा ही अडचण बरीच दूर करतो, आणि चौकटीवर कायमचा ताणलेला पडदा सर्वांत सपाट राहतो. अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरचा प्रकाश पडद्याला अगदी तिरका घासत येत असल्याने तेथे मिलिमीटरभराची लाटही सरळ रेषा वाकवते. त्या जोडीला चौकटीचा ताठ पडदाच लागतो.

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवा दमट असते आणि पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते. अशा भिंतीला पडदा चिकटून बसवला तर पाठीमागे बुरशी येते. शक्य असेल तेथे आतली भिंत निवडावी. बाहेरची घ्यावी लागली तर चौकट आणि भिंत यांत हवा खेळण्याइतकी जागा सोडावी. पडदा कोरड्या, मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसावा. पृष्ठभागाच्या सूक्ष्म थराला जोराने घासणे मानवत नाही. प्रोजेक्टरमधले उंच ठिकाणांसाठीचे ‘हाय अल्टिट्यूड’ मोड साधारण दीड हजार मीटरच्या वर लागते. कोल्हापूर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने ते बंदच ठेवावे, नाहीतर पंख्याचा आवाज विनाकारण वाढतो.

जागेवर बसवणे

कॅलिब्रेशनपूर्वी यंत्र योग्य जागी असावे लागते. प्रोजेक्टर तिरका बसला की चित्र एका बाजूला रुंद दिसते. ते सरळ करण्यासाठी मेनूतली कीस्टोन सोय वापरली तर चित्राचे ठिपके नव्याने जुळवले जातात आणि बारकावे हरवतात. त्यापेक्षा यंत्र पडद्याच्या मध्यरेषेवर आणि काटकोनात बसवावे व उरलेला फरक लेन्स शिफ्टने घालवावा. लेन्स शिफ्टमध्ये भिंगच सरकत असल्याने चित्राचे नुकसान होत नाही. पडद्याभोवती काळ्या मखमलीची चौकट असली की कडेला सांडणारा प्रकाश ती गिळून टाकते.

चित्राचे प्रमाणही येथेच लक्षात घ्यावे. जुने बोलपट साधारण १.३७ : १ या प्रमाणाचे असतात. १०० इंची, १६:९ पडद्यावर ते पूर्ण उंचीने दाखवले तर दोन्ही बाजूंना सुमारे २५ सेंटिमीटरच्या रिकाम्या पट्ट्या राहतात. २.३९ : १ च्या रुंद चित्रपटांत वर-खाली सुमारे १६ सेंटिमीटरच्या पट्ट्या येतात. या पट्ट्या करड्या दिसत असतील तर त्यांवर काळे मखमली झाकण सरकवावे. शेजारी खरा काळा आला की चित्राचा कॉन्ट्रास्ट डोळ्याला वाढलेला वाटतो. जुना चित्रपट ताणून पडदाभर करू नये. चेहरे रुंद होतात आणि दिग्दर्शकाने बांधलेली चौकट मोडते.

कॅलिब्रेशनचा क्रम

चित्रपट तयार करणाऱ्यांनी स्टुडिओतल्या मॉनिटरवर जे पाहिले, त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जाणे हा कॅलिब्रेशनचा हेतू असतो. त्यासाठी ठरलेली मापे आहेत. हाय डेफिनिशन चित्रासाठी रंगांची व्याप्ती रेक. ७०९ या मानकाची आणि पांढरा डी ६५ म्हणजे सुमारे ६,५०० केल्विनचा असावा. गॅमा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कोणत्या गतीने उजळतात ते ठरवणारा आकडा. तो अंधाऱ्या खोलीत २.४ च्या आसपास आणि थोडा उजेड असेल तर २.२ च्या आसपास ठेवतात.

काम सुरू करण्यापूर्वी प्रोजेक्टर वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे त्याचा प्रकाश आणि रंग स्थिर होतात. मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ घ्यावे. ‘डायनॅमिक’ मोड उजळता वाढवण्यासाठी हिरव्याकडे झुकते आणि त्वचेचे रंग बिघडवते. प्लेअर आणि प्रोजेक्टर यांची व्हिडिओ पातळी सारखी असल्याची खात्री करावी. एक १६ ते २३५ आणि दुसरा ० ते २५५ मानत असेल, तर सावल्या एकतर पूर्ण बुजतात किंवा सगळे चित्र धुकट होते.

नंतर चाचणी चित्रांच्या मदतीने एकेक नियंत्रण लावावे. ‘ब्राइटनेस’ हे नियंत्रण नावाप्रमाणे उजळता ठरवत नाही. ते काळ्याची पातळी ठरवते. ते इतपत ठेवावे की निव्वळ काळी पट्टी पडद्यात मिसळून जावी आणि तिच्या वरची पहिली छटा जेमतेम दिसावी. ‘कॉन्ट्रास्ट’ पांढऱ्याची पातळी ठरवते. ते वाढवत नेताना शेवटच्या पांढऱ्या छटा एकमेकींत विरघळू लागल्या की मागे यावे. ‘शार्पनेस’ जास्त असेल तर कडांभोवती पांढरी झालर दिसते. ती जाईपर्यंत ते कमी करावे. हे काम एका संध्याकाळी होते आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. एव्हीएस एचडी ७०९ ही चाचणी चित्रांची डिस्क विनामूल्य मिळते.

पुढची पायरी मापक यंत्राची. कलरिमीटर पडद्याकडे रोखून ठेवतात आणि एचसीएफआरसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे मापन घेतात. प्रत्येक छटेत लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण सारखे हवे. गडद छटांसाठी ‘ऑफसेट’ आणि उजळ छटांसाठी ‘गेन’ (हा पडद्याचा गेन नव्हे) ही नियंत्रणे आलटून पालटून लावावी लागतात, कारण एक हलवले की दुसरे थोडे सरकते. छटा जुळल्यावर गॅमा आणि शेवटी रंग पाहावेत. चूक मोजण्याचे एकक डेल्टा ई हे आहे; ते ३ च्या आत आले की चालत्या चित्रात चूक सहसा जाणवत नाही.

पडदा आणि कॅलिब्रेशन यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. मापन भिंगासमोर न घेता पडद्यावरून परतलेल्या प्रकाशाचे घ्यावे, तेही प्रेक्षक बसतो त्या दिशेने. करडा किंवा एएलआर पडदा प्रकाशाला आपली झाक देतो, आणि ही झाक धरूनच यंत्र जुळवायचे असते. पडदा बदलला, भिंतींचा रंग बदलला किंवा यंत्र हलवले तर मापन नव्याने करावे लागते.

एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) चित्रपटांसाठी वेगळी जुळवणी लागते. हे चित्रपट बहुधा १,००० निटपर्यंतच्या उजळतेचा हिशेब धरून तयार होतात आणि घरचा पडदा शंभराच्या आसपास असतो. टोन मॅपिंग त्या उजळ छटा पडद्याच्या आवाक्यात बसवते. त्याचे नियंत्रण असे लावावे की ढग आणि दिव्यांच्या ज्योतींतले तपशील टिकावेत, पण सारे चित्र काळवंडू नये. प्रोजेक्टरवर नीट जुळवलेले साधे चित्र हे वाईट जुळवलेल्या एचडीआरपेक्षा सरस ठरते.

डोळ्यांनी घ्यायची परीक्षा

मापनानंतर चित्र प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, आणि त्यासाठी कृष्णधवल चित्रपट सर्वांत उपयोगी पडतो. त्यात रंग नसल्याने सावल्यांत हिरवट किंवा उजळ भागात गुलाबी झाक असेल तर लगेच कळते. भालजींच्या ‘साधी माणसं’ (१९६५) मधील लोहाराच्या भट्टीची दृश्ये या कामी चांगली आहेत. एकीकडे धगधगता निखारा आणि दुसरीकडे अंधारातले चेहरे. निखाऱ्याचा तपशील पांढऱ्यात विरून गेला तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. चेहऱ्यामागची सावली काळ्यात बुडाली तर ब्राइटनेस कमी आहे. मात्र प्रत चांगली हवी, कारण झिजलेल्या प्रतीचे दोष कॅलिब्रेशनने दुरुस्त होत नाहीत.

रंग एका टप्प्यावर बरोबर आणि पुढच्या टप्प्यावर चूक होऊ शकतो, हे प्रभातने फार पूर्वी अनुभवले. त्यांच्या १९३३ च्या रंगीत ‘सैरंध्री’ची प्रक्रिया जर्मनीत झाली आणि रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. घरच्या चित्रपटगृहातही कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंतच्या साखळीतली शेवटची कडी, म्हणजे प्रोजेक्टर, पडदा आणि खोली, प्रेक्षकाच्या हाती असते. ती नीट सांभाळणे हा चित्रपट घडवणाऱ्यांच्या श्रमांचा मान आहे.

खर्चाचा क्रम यावरून ठरतो. आधी खोली अंधारी करावी आणि पडद्याजवळचे छत व भिंती गडद कराव्यात. मग आकार, बसण्याच्या जागा आणि प्रोजेक्टरचे लुमेन पाहून पडदा घ्यावा. त्यानंतर यंत्र काटकोनात बसवून कॅलिब्रेशन करावे. दिव्याच्या प्रोजेक्टरवर काही शे तासांनी आणि लेझर प्रोजेक्टरवर वर्षा-दोन वर्षांनी मापन पुन्हा घ्यावे, कारण प्रकाश कमी होताना रंगांचा तोलही हळूहळू सरकत जातो.